व्यसनी कोणाचा : कोतवालाचा कीं वैद्याचा ?

श्रोतेहो, येरवडा हें नांव सोलापूरकराच्या कानांवर पडलें, म्हणजे त्याला प्रथम तुरुंग आठवतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आमच्या गांवच्या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजीं त्याच तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. त्या चौघांचे पुतळे पाहिल्यावांचून सोलापुरांत कोणाचा दिवस जात नाहीं. परंतु ज्या दिवसाच्या घटनांतून हें सारें प्रकरण उद्भवलें, त्या 8 मे 1930 या दिवशीं लोक रूपाभवानीच्या बाजूस कशासाठीं जमले होते, हें आज फार थोड्यांना सांगतां येईल. ते शिंदीचीं झाडें तोडण्यासाठीं जमले होते. गांधीजींना अटक होऊन तीनच दिवस झाले होते. पोलिसांनीं झाडें तोडणारांपैकीं कांहींना पकडलें. जमाव आडवा आला. गोळीबार झाला, माणसें पडलीं. मग मंगळवार पेठेंतील पोलीस चौकी पेटली, पोलीसही मारले गेले. आणि 12 मे रोजीं शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला.

म्हणजे आमच्या शहराच्या इतिहासांतील सर्वांत तेजस्वी पानाच्या आरंभीं व्यसनाचा प्रश्न लिहिलेला आहे. शिंदीच्या उत्पन्नावर सरकार आपली तिजोरी भरीत होतें, म्हणून झाडावर घातलेला घाव हा तिजोरीवरचा घाव होता, आणि तो रास्तच होता. पण झाड पडलें तरी पिणारा उभाच होता. गिरणीची पाळी संपवून गुत्त्याकडे वळणाऱ्या त्या माणसाचें पुढें काय करावयाचें, या प्रश्नाचें उत्तर कुऱ्हाडीपाशीं नव्हतें. हें उत्तर शोधण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंविषयीं आज मी बोलणार आहें. त्यांचें कार्यक्षेत्रही येरवडाच होतें; मात्र तें तुरुंगांत नव्हे, तर तेथील मनोरुग्णालयांत. त्यांचें नांव डॉ. अनिता अवचट.

त्यांच्या कार्याची थोरवी कळावयाची, तर अगोदर थोडें मागें जावें लागतें. 1893 सालीं डब्ल्यू. एस्. केन नांवाच्या सभासदानें विलायतेच्या पार्लमेंटांत हिंदुस्थानांतील गांजा-भांगेचा प्रश्न काढला. या पदार्थांनीं लोक वेडे होतात आणि वेड्यांचीं इस्पितळें भरतात, असा त्या वेळीं सार्वत्रिक समज होता. चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें गेलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते, आणि तीन सभासद हिंदी होते. कमिशननें 1193 साक्षीदार तपासले व 1894 सालीं आपला सात खंडांचा अहवाल लिहून पुरा केला. त्यांतील एकच भाग मी आपणांपुढें ठेवतों. 1892 सालीं देशांतील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या 1344 रोग्यांपैकीं 222 जणांच्या नांवापुढें वेडाचें कारण म्हणून गांजा-भांगेची नोंद होती. कमिशननें एकेक प्रकरण उघडून पाहिलें, तेव्हां त्यांपैकीं 98 च टिकलीं. आणि ज्यांत दुसरें कोणतेंही कारण आढळलें नाहीं, अशीं अवघीं 61 उरलीं.

मग बाकीच्या नोंदी आल्या कोठून? वेडा मनुष्य इस्पितळांत येई, तो बहुधा पोलिसांच्या हातून. त्याच्याबरोबर एक कागद येई, व त्या कागदावर वेडाचें कारण लिहावयाचें एक सदर असे. सदर रिकामें ठेवणें बरें दिसत नाहीं. सबब मनुष्य गांजा ओढतो एवढें कळलें, कीं तेंच कारण म्हणून लिहिलें जाई, आणि इस्पितळाचे अधिकारी तें आपल्या वहींत जसेंच्या तसें उतरून घेत. श्रोतेहो, या साध्या कारकुनी गोष्टींत फार मोठा अर्थ भरलेला आहे. रोगाचें निदान वैद्यानें करावयाचें. येथें तें चौकीवर होत होतें, आणि वैद्य त्यावर सही करीत होता. कमिशनच्या शिफारशींत सरकारी महसुलाचा विचार नव्हता, असें मात्र कोणी समजूं नये. बंदी न घालतां परवाने व कर यांनीं सेवन आटोक्यांत ठेवावें, हा त्याचा सल्ला तिजोरीलाही मानवणाराच होता. तरी वैद्यानें पोलिसाच्या शब्दावर विसंबूं नये, हा त्याचा धडा आजही खराच आहे.

पुढें हाच वाद जगभर चालला. विलायतेंत 1926 सालीं सर हंफ्री रोलस्टन यांच्या समितीनें निर्णय दिला, कीं अफू-मॉर्फीनची संवय जडलेला मनुष्य हा रोगी आहे, आणि इतर उपाय थकल्यावर डॉक्टरानें त्याला मोजकें औषध देत राहणें हा गुन्हा नव्हे. अमेरिकेनें याच्या उलट मार्ग धरला. तेथें 1914 चा कायदा झाला. 1919 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें केवळ संवय चालू ठेवण्यासाठीं औषध देणें हा वैद्यकीचा भाग नव्हे असें ठरविलें. आणि व्यसनी मनुष्याला हात लावण्याचीच डॉक्टरांना धास्ती बसली. या धास्तीविरुद्ध ज्यांनीं निकरानें लढा दिला, त्यांत डॉ. मेरी नायस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ बाई अग्रभागीं होत्या. तरुणपणीं केंटकी संस्थानांतील लेक्सिंग्टन येथील सरकारी इस्पितळांत त्यांनीं काम केलें. तें इस्पितळ निम्में तुरुंगच होतें. तेथें त्यांनीं जें पाहिलें, त्यांतून त्यांचें मत बनलें, कीं व्यसनी हा रोगीच आहे. 1956 सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचें नांवच मुळीं तसें आहे. पुढें डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्या साहाय्यानें न्यूयॉर्क येथें त्यांनीं हेरॉइनच्या रोग्यांना मेथाडोन हें औषध नियमितपणें देऊन त्यांना कामाधंद्यावर परत उभें करून दाखविलें. त्याचा वृत्तांत 1965 सालीं प्रसिद्ध झाला. एका विषाच्या जागीं दुसरें विष देतां, असा आक्षेप त्यांच्यावर जन्मभर येत राहिला. 1986 च्या एप्रिलांत त्या निवर्तल्या. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत येरवड्याला एक दार उघडलें. त्याचीच हकीकत आतां सांगावयाची आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशानें अफूच्या बाबतींत समंजस वाट धरली होती. 1949 सालीं भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेनें ठरविलें, कीं औषधाखेरीज होणारें अफूचें सेवन दहा वर्षांत, म्हणजे 1959 च्या मार्चअखेर, टप्प्याटप्प्यानें बंद करावें. मात्र जुन्या अफूबाजांना एकाएकीं वाऱ्यावर न सोडतां डॉक्टरी दाखल्यावर त्यांची नोंद करावी. दारूच्या बाबतींत मुंबई इलाख्यानें 1949 सालीं दारूबंदीचा कायदा केला. हेतु पवित्र होता, परंतु कायद्याबरोबर हातभट्टीही आली; आणि गांवोगांवच्या चौक्यांना एक नवें गिऱ्हाईक मिळालें. पिणारा मनुष्य पुन्हा फौजदाराच्याच स्वाधीन झाला.

1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानें घातलेलीं बंधनें पुरीं करण्यासाठीं 14 नोव्हेंबर 1985 पासून सबंध देशाला अमली पदार्थांचा नवा कायदा लागू झाला. तो फार कडक होता. व्यापाराच्या गुन्ह्यास निदान दहा वर्षांची सक्तमजुरी त्यानें सांगितली. स्वतःपुरता अल्प माल बाळगणाऱ्यासही शिक्षा ठेवली. हेरॉइन असल्यास ती वर्षापर्यंत जाई. तरी त्यांतील 39 व्या कलमानें एक खिडकी उघडी ठेविली होती. दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याची संमति असल्यास, तुरुंगाऐवजीं उपचारासाठीं पाठविण्याची मुभा न्यायाधीशाला होती. प्रश्न एवढाच होता, कीं पाठवावयाचें कोठें? कलम कागदावर होतें. घर कोठेंच नव्हतें.

याच सुमारास मुंबई व पुणें या शहरांत गर्दचा, म्हणजे भेसळ केलेल्या हेरॉइनच्या तपकिरी पुडीचा, सुळसुळाट झाला. चांदीच्या कागदावर ती भुकटी धरावयाची, खालून कांडी ओढावयाची, आणि निघणारा धूर नळीनें हुंगावयाचा. शाळकरी मुलांपासून हमालांपर्यंत सर्व थरांतील माणसें तिच्या आहारीं गेलीं. डॉ. अनिल अवचट यांनीं या लोकांत हिंडून, त्यांच्या कहाण्या ऐकून लेखमाला लिहिली. ती पुढें ‘गर्द’ या नांवानें पुस्तकरूपानें आली. अनिलराव स्वतः डॉक्टर, परंतु वैद्यकी सोडून ते लेखनाकडे वळले होते. घराचा भार अनिताबाईंच्या नोकरीवर होता. त्या येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ होत्या. म्हणजे एकाच घरांत एकजण या दुःखाची कहाणी लिहीत होता, आणि दुसऱ्या व्यक्तीपुढें तेंच दुःख रोज रोगी होऊन येत होतें.

ती लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे हीं दोघें अस्वस्थ झालीं. केवळ हळहळून न थांबतां त्यांनीं विचारलें, कीं या मुलांसाठीं कांहीं करणार असाल, तर आम्ही पैसे देतों. त्यांच्या देणगीच्या बळावर 29 ऑगस्ट 1986 रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारांत ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. त्याची सूत्रें अनिताबाईंनीं हातीं घेतलीं.

त्यांनीं तेथें केलें काय? ऐकावयास अगदीं साध्या वाटणाऱ्या, परंतु त्या काळीं धाडसाच्या ठरणाऱ्या चार गोष्टी. पहिली ही, कीं रोग्याला मारावयाचें नाहीं, बांधावयाचें नाहीं, त्याचा अपमान करावयाचा नाहीं. दुसरी ही, कीं त्यानें स्वतःच्या इच्छेनें राहावें. कुलपाच्या जोरावर कोणाला बरें करतां येत नाहीं. तिसरी ही, कीं जे बरे झाले, त्यांनाच पुढच्या रोग्यांची शुश्रूषा करावयास द्यावी. ज्यानें स्वतः ती आग सोसली आहे, त्याच्याशीं खोटें बोलणें नव्या रोग्याला कठीण जातें. आणि ज्याला कालपर्यंत कोणी दाराशीं उभें करीत नव्हतें, त्याला जबाबदारीचें काम मिळालें म्हणजे त्याची मान वर होते. चौथी गोष्ट ही, कीं उपचार रोग्यापुरता न ठेवतां त्याच्या बायकोलाही बोलवावें, आईबापांनाही बोलवावें. कारण व्यसन एकजण करतो आणि आजारी सगळें घर पडतें.

यांतील शरीरशास्त्राचा भाग थोडक्यांत सांगतों, कारण तो प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावा. हेरॉइन बंद केल्यावर साधारण अर्ध्या दिवसांत यातना सुरू होतात. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतें, हाडें ठणकतात, पोट बिघडतें, झोंप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं यातनांचा कळस होतो, आणि आठवड्याच्या आंत बहुधा त्या ओसरतात. दारूचें मात्र वेगळें आहे. वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याची दारू एकाएकीं तोडली, तर त्याला झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून अशा माणसाला खोलींत कोंडून ‘दोन दिवसांत सरळ होईल’ असें म्हणणारे आप्त त्याच्या जिवाशीं खेळत असतात. त्याला डॉक्टरांच्या नजरेखालींच ठेविला पाहिजे. परंतु शरीराचें हें दुखणें संपलें, म्हणजे रोग संपला असें नाहीं. खरा झगडा त्यानंतरचा. म्हणून मुक्तांगणाचा कार्यक्रम पस्तीस दिवसांचा ठरला, आणि घरीं गेल्यावरही ठराविक काळानें भेटीस यावयाचें, अशी शिस्त घालण्यांत आली. पंढरपूरच्या छायेंत वाढलेल्या आम्हां लोकांना हें तत्त्व समजावून सांगावयास नको. गळ्यांत माळ एकदां घालतात, पण वारी पुन्हा पुन्हा करावी लागते. माळकरी मद्यमांसाला शिवत नाहीं, तो केवळ एकट्याच्या निग्रहानें नव्हे. बरोबर चालणारी दिंडी त्याला सांभाळून नेत असते.

व्यसन पुन्हां जडलें तर काय, असें कोणी विचारील. तें जडतें, अनेकांना अनेकदां जडतें. पण मधुमेहाच्या रोग्याची साखर पुन्हां वाढली, म्हणून आपण त्याला पापी म्हणत नाहीं, किंवा डॉक्टरांना लबाड म्हणत नाहीं. औषधाची व पथ्याची घडी पुन्हां बसवितों. अनिताबाईंच्या पद्धतींत पडलेल्या माणसाला परत येण्यासाठीं दार उघडें होतें.

हें सारें चालू असतांना अनिताबाईंना स्वतःला कर्करोगानें गांठलें होतें. शस्त्रक्रिया, औषधें, पुन्हां उलटलेलें दुखणें, असें चक्र वर्षानुवर्षें चाललें. परंतु केंद्राचें काम त्यांनीं टाकलें नाहीं. 10 फेब्रुवारी 1997 रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या नांवानें आज संघर्ष सन्मान दिला जातो, आणि त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं तें काम पुढें चालविलें आहे. स्त्रियांच्या व्यसनासाठीं ‘निशिगंध’ हा निराळा विभागही तेथें आहे. बाईमाणसाला व्यसन कसलें, असें म्हणून तो विषय दडपणाऱ्या आपल्या समाजांत ही गोष्ट लहान नव्हे.

आतां कायद्याकडे पुन्हां वळूं. 1985 च्या कायद्यांत 1989 सालीं दुरुस्ती झाली. तिनें एकीकडे कांहीं गुन्ह्यांना दुसऱ्या खेपेस फांशीची सक्ती आणली, आणि दुसरीकडे 64-अ या कलमानें स्वेच्छेनें उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यांतून सूट देऊं केली. एकाच दुरुस्तींत दोर आणि औषध! फांशीची ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयानें 2011 सालीं अवैध ठरविली, आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर ती शिक्षा न्यायाधीशाच्या विवेकावर राहिली. 2001 सालीं मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेची प्रतवारी झाली, त्यामुळें पुडीवाला व्यसनी आणि पोत्यांचा व्यापारी यांना एकाच तराजूंत तोलण्याचा अन्याय पुष्कळसा कमी झाला. त्याच वर्षीं पोर्तुगालनें याहून पुढचें पाऊल टाकलें. स्वतःपुरता अल्प माल बाळगणें हा तेथें फौजदारी गुन्हा राहिला नाहीं. असा मनुष्य न्यायालयाऐवजीं समितीपुढें जातो. तेवढें पाऊल आपण टाकावें कीं नाहीं, यावर सुज्ञांत मतभेद आहेत, आणि ते असणारच. अनिताबाईंची कीर्ति कायद्याच्या कलमांवर उभी नाहीं. परंतु व्यसनी मनुष्य कुलपावांचून, माराशिवाय बरा होऊं शकतो, हें जोंवर कोणी करून दाखवीत नाहीं, तोंवर दयेचीं कलमें शोभेचींच राहतात. सुधारणेचा पुरावा इस्पितळांत तयार व्हावा लागतो; तो त्यांनीं तयार केला. ज्या येरवड्यास मनुष्य पाठविणें म्हणजे त्याला समाजांतून बाद करणें, असा लौकिक होता, त्याच येरवड्यांत त्यांनीं समाजांत परत येण्याची वाट काढली.

या वादांत एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. व्यसनी माणसाला रोगी म्हटलें, तर त्याची जबाबदारी संपली, आणि तरुणांना मोकळें रान मिळालें! हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्या बायकोचें मंगळसूत्र विकलें गेलें आहे, तिला ‘तो रोगी आहे’ हें वाक्य थट्टेसारखें वाटतें. पण रोगी म्हणणें म्हणजे निर्दोष ठरविणें नव्हे. क्षयाच्या रोग्याला आपण औषध देतों, आणि इतरांच्या तोंडावर खोकूं नकोस, असें बजावतोंही. उपचार घेणें, झालेलें नुकसान भरून देणें, क्षमा मागणें, हें सारें त्याचें कर्तव्यच आहे. फरक इतकाच, कीं तुरुंगांत गेलेला मनुष्य हें कर्तव्य करावयास मोकळा नसतो, आणि बरा झालेला असतो.

हा विषय पुण्या-मुंबईचा, आपला नव्हे, असें सोलापूरकरांनीं मानूं नये. 2023 सालीं आपल्याच मोहोळ तालुक्यांत मेफेड्रोन हें रासायनिक विष तयार करण्याचे उद्योग पोलिसांनीं उघडकीस आणले. तेथें पोलिसांचेंच काम होतें, आणि अशा कारखानदारांविषयीं दयेचा प्रश्न येत नाहीं. 1930 सालीं विषाचें झाड रूपाभवानीजवळ होतें; आतां तें पत्र्याच्या छपराखालीं उगवतें. झाडावर कुऱ्हाड चालावी, याविषयीं तेव्हांही दुमत नव्हतें, आतांही नाहीं. परंतु त्या झाडाखालीं जो पडलेला आहे, त्याच्यावरही तीच कुऱ्हाड चालवावयाची काय?

श्रोतेहो, हा प्रश्न शेवटीं सरकारचा नाहीं, आपल्या घरांचा आहे. सुशिक्षित कुटुंबांत व्यसन पोलिसांच्या भयानें जितकें झांकलें जातें, त्याहून अधिक तें शेजाऱ्यांच्या भयानें झांकलें जातें. मुलगा ‘कामासाठीं बाहेरगांवीं’ असतो. जांवयाला ‘पित्ताचा त्रास’ असतो. आणि जेव्हां सांगावयाची वेळ येते, तेव्हां सांगून उपयोग उरत नाहीं. 1892 सालीं पोलिसानें कागदावर खोटें कारण लिहिलें, म्हणून आपण त्याला हंसतों. आपणही घरोघर खोटेंच कारण लिहीत आहोंत. डॉक्टर कोटणीस ज्या गांवांत जन्मले, त्या गांवाला वैद्याचें कर्तव्य शिकवावयास नको. रोग्यानें व त्याच्या घरच्यांनीं मात्र आपलें कर्तव्य ओळखावें. दुखण्याला दुखणें म्हणावें, आणि तें वेळेवर म्हणावें. येरवड्याच्या एका वास्तूंत आमचीं चार माणसें गेलीं, तीं परत आलीं नाहींत. त्याच येरवड्याच्या दुसऱ्या वास्तूंतून हजारों माणसें आपापल्या घरीं परत गेलीं आहेत. त्यांच्यांत आपल्या घरचा मनुष्य असावयाचा, तर त्याला तेथवर नेणारा हात आपलाच असला पाहिजे.